वरांड्यातले पाळणे

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ते माहीत आहे, शाळेतल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि नवरा तर म्हणतो की इतरांच्या नाकावर राग असतो, हिच्या रागावर नाक आहे. एरवी मी हा स्वभाव झाकायला बघते. पण इथं झाकून भागणार नाही, कारण मी जे सांगणार आहे ते माझ्या एका चिडण्यातूनच सुरू झालं. त्याचं श्रेय मात्र माझं अजिबात नाही.

माझी शाळा दारव्ह्याकडच्या एका गावात आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे लांब वरांडा आणि वर टिनाचं छत. मी आणि एक सर, असे दोघेच शिक्षक. सकाळी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन मी फाट्यावर उतरते आणि तिथून पंधरा मिनिटं चालत शाळेत पोचते. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. पावसाळ्यात चप्पल हातात घ्यावी लागते, उन्हाळ्यात डोक्यावरून ओढणी, आणि दिवाळीनंतर मात्र ती वाट इतकी देखणी होते की माझासुद्धा राग फाट्यावरच उतरतो.

पण कापूस फुटला की शाळेची वीण उसवते. मुलगे येतात, मुली येत नाहीत. कारण साधं आहे. कापूस वेचणं हे बायकांचं काम. गावातली प्रत्येक बाई, नव्या सुनेपासून साठीच्या सासूपर्यंत, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधून सकाळी वावरात जाते ती दिवेलागणीला परत येते. मग घरातलं तान्हं लेकरू कोणी सांभाळायचं? आठ-दहा वर्षांच्या बहिणीनं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं घेतात, तीही दुपारपर्यंत. म्हणून दिवाळी ते होळी आमच्या पोरी दारात भावंडं घेऊन बसलेल्या असतात. होळीच्या सुमाराला उलंगवाडी होते, म्हणजे शेवटचा कापूस वेचून वावरात कपाशीच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उरतात, तेव्हा त्या परत वर्गात येतात. तोवर होतं नव्हतं ते सगळं विसरलेलं असतं.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. दहा वर्षांची, काटकुळी, आणि उभी राहिली की एका बाजूला कललेली. वर्षानुवर्षं कडेवर कोणी ना कोणी असल्यामुळे तिची कंबरच तशी वळली होती. आधी एक बहीण वाढवून झाली, आता सात महिन्यांचा भाऊ होता. डोकं तल्लख. तोंडी हिशेबात ती सरांना मागे टाकायची. पण वाचता येत नव्हतं. साधे शब्द अडखळत यायचे, जोडाक्षर आलं की गाडी रुतायची. येणार कसं? तीन वर्षं ती अर्धी अर्धीच शाळेत आली होती.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि ती आली नाही. मी घरी गेले. तिची आई वावरातून नुकतीच आली होती, केसांत कापसाचे तंतू, बोटांना बोंडांचे ओरखडे. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, पाचवीले पुढच्या गावात जा लागते. जिले वाचताच येत नाही थिले तिथं धाडून काय करू? चौथी झाली म्हंजे झालं. घरी राहीन, लेकरू सांभाळीन."

"आणि वाचायला आलं तर?"

ती हसली. थकलेलं हसू होतं, वाईट नव्हतं. "होळीपर्यंत वाचून दाखवू द्या. धाडीन मी थिले. आईच्यान धाडीन."

होळीपर्यंत शाळेतच येणार नसलेली पोरगी होळीपर्यंत वाचणार कशी, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण दारात ती मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मी तो प्रश्न तसाच घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी तिची जन्मतारीख बघायला मी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. शाळा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात असतं, कधी आला, कधी गेला, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण. एरवी आम्ही ते रजिस्टर फक्त दाखल्यापुरतं उघडतो. त्या दिवशी मी सहज मागं मागं चाळत गेले. मुलग्यांसमोर 'पुढील शिक्षण', 'गाव बदलले' असं काहीबाही होतं. मुलींसमोर कुण्या जुन्या गुरुजींनी वळणदार अक्षरात, कुठलीही लपवाछपवी न करता लिहून ठेवलं होतं, 'लहान भाऊ सांभाळण्यासाठी'. पुढच्या पानावर परत तेच. त्याच्या पुढच्या पानावर परत. त्या मुली आता आया झाल्या होत्या, काही आज्यासुद्धा. मी रजिस्टर बंद केलं आणि तो दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. मी ती सकाळी अकराला ठेवली. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तरी मला कळायला हवं होतं. एकही आई आली नाही. आले ते मारोतीच्या पारावर बसणारे पाच म्हातारे, तेही चहा असतो म्हणून. एकानं आत येता येताच खर्रा तोंडात टाकला. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरात 'तंबाखूमुक्त शाळा' लिहिलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गावातल्या सगळ्या बायका वावरात राबतायत. दहा वर्षांच्या पोरी घरी लेकरं राखतायत. आणि अख्ख्या गावात रिकामं कोण आहे? तुम्ही! दिवसभर पारावर बसता, खर्रा खाता, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करता. लेकरं सांभाळायला पोरीच कशाला पाहिजेत? तुम्हीच का नाही सांभाळत?"

हे मी सूचना म्हणून बोलले नव्हते. टोमणा होता तो, आणि तोही वडीलधाऱ्यांना मारलेला. सर खाली बघायला लागले. म्हातारे चहा पिऊन, कप नीट ओळीत ठेवून निघून गेले. आता गावातून तक्रार जाणार, असं धरून मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोचले तर वरांड्यात त्या पाचांतले एक आजोबा उभे होते. उंच, ताठ, धोतर-बंडी, डोळे मोतिबिंदूनं निळसर झालेले. गावात बैल शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता असं ऐकून होते. बायकांशी ते बोलत नसत, माझ्याशीही कधी बोलले नव्हते. त्यांच्या खांद्यावर बैलाचा कासरा होता, दोराचं चांगलं जाड वेटोळं. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात कासऱ्याचे आजोबा म्हणते. त्यांच्यामागे दुसरे एक म्हातारे होते, ज्यांना गाव चाचा म्हणतं. त्यांनी जन्मभर बैलांना नाल ठोकले होते. हातात दोन जुनी लुगडी होती.

चाचा म्हणाले, "मॅडम, या पाइपाले लेकराचं वजन झेपते का?"

मला आधी समजेचना. कासऱ्याचे आजोबा उत्तराची वाट न बघता छताच्या लोखंडी पाइपावरून दोर टाकून मोकळे झाले होते. बैलाला दावणीला बांधताना मारतात तशी गाठ, ओढली की आणखी घट्ट बसणारी. लुगड्याची झोळी झाली. मग त्या पंचाहत्तरीच्या माणसानं दोन्ही हातांनी दोर धरला, पाय वर उचलले आणि माझ्यासमोर पाइपाला लोंबकळून पाहिलं. पाइप कुरकुरला नाही.

"झेपते," ते म्हणाले. आणि चालायला लागले.

मी मागून गेले. ते थेट त्या मुलीच्या अंगणात जाऊन उभे राहिले. नात्यानं ते तिच्या आईचे चुलत सासरे लागत होते. आई ओटी बांधत होती, तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला. आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, लेकरू दे. शाळेत मी सांभाळतो. पोरगी वर्गात बसन."

सासऱ्याच्या जागी असलेला माणूस अंगणात येऊन सुनेकडे काही मागतो, हे त्या गावात होत नाही. आणि झालं तर सून नाही म्हणू शकत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि लेकरू दिलं. आजोबांनी ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं, नवजात गोऱ्हा उचलतात तसं. मुलगी चपला न घालताच शाळेकडे पळाली.

मी त्यांच्यामागून चालत होते आणि मला काय वाटत होतं ते आजही नीट सांगता येत नाही. लाज तर होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी होतं. मी रागात तोंडातून जे टाकून दिलं होतं ते या माणसानं रात्रभर जवळ ठेवलं होतं, उलटसुलट करून पाहिलं होतं, आणि त्यातला अपमान काढून टाकून फक्त काम उचललं होतं. माझ्यात ती ताकद नाही. फार कमी लोकांत असते.

आठवडाभरात वरांड्यात सात झोळ्या झाल्या आणि पाराच्या जागी म्हाताऱ्यांचा मुक्काम शाळेत आला. मी एकच अट घातली, खर्रा फाटकाबाहेर. त्यांनी ती पाळली, म्हणजे तासातासाला एकेक जण फाटकाबाहेर जाऊन यायचा.

पण म्हाताऱ्यांना लेकरं सांभाळता येत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ढोरं वाढवलेली माणसं ती. अंगाई कोणालाच माहीत नव्हती, तेव्हा लेकरांना भजनं ऐकवली जायची, आणि चाचा तर नाल ठोकताना बैलाला शांत करायला जे पुटपुटायचे तेच पुटपुटायचे. गंमत म्हणजे लेकरं झोपायची.

घोटाळा तिसऱ्या दिवशी झाला. दुपारी शाळेच्या खिचडीची मऊ पेज करून लेकरांना भरवायची, असं ठरलं होतं. कोणी कोणाला भरवायचं, हे मात्र ठरलं नव्हतं. एक गुटगुटीत पोर होतं, ते वाटी दिसली की आ वासायचं. एका आजोबांना वाटलं हे उपाशी आहे, त्यांनी भरवलं. थोड्या वेळानं दुसऱ्यांना तसंच वाटलं. मग तिसऱ्यांना. त्या पोरानं तिघांचं मन राखलं आणि शेवटी तिघांच्याही अंगावर ओकलं. आणि त्या चौथीतल्या मुलीचा भाऊ, स्वभावानंच गप्प, तो झोळीत उपाशी पडून राहिला. सगळ्यांना वाटलं त्याचं झालं आहे.

तीनच्या सुमाराला तो रडायला लागला. असा रडला की वर्ग थांबला. मुलगी उठली, बाहेर गेली, त्याचं पोट हातानं चाचपलं आणि तिला कळलं.  तिनं त्याला कडेवर घेतलं, दप्तर तिथंच टाकलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

कासऱ्याचे आजोबा ते दोन दिवस वरांड्याच्या टोकाला रिकाम्या झोळीजवळ बसून होते. मी एकदा म्हटलं, होतं असं, मनाला लावून घेऊ नका.  चाचांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, याची पोरगी बी याच शाळेत होती. दुसरीपर्यंत." एवढंच बोलून ते गेले. मी ऑफिसात जाऊन ते मोठं रजिस्टर परत काढलं. आडनावावरून शोधायला फार वेळ लागला नाही.

चौथ्या दिवशी आजोबा गेरूची पुडी घेऊन आले. बाजारात बकरी विकली गेली की तिच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. तोच नियम त्यांनी वरांड्यात आणला. ज्यानं ज्या लेकराला भरवलं त्यानं त्याच्या कपाळावर गेरूचं बोट टेकवायचं. बोट दिसलं की पोट भरलं. हे ठरवून ते पुन्हा त्या अंगणात गेले. या वेळी मी लांब थांबले होते. पहिल्यांदा मागणं सोपं असतं, चुकल्यावर पुन्हा मागायला जाणं किती जड जातं ते मला माहीत आहे. मी तर जन्मात गेले नसते. ते गेले, आणि बऱ्याच वेळानं लेकरू घेऊनच बाहेर आले.

संध्याकाळी ती आई वावरातून परस्पर शाळेत आली. बोराएवढा तांबडा ठिपका लेकराच्या कपाळावर बघून तिचा पारा चढला. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर होता, पण आवाज पदरात मावत नव्हता. "माहं लेकरू का बकरी हाय, गेरू लावाले?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "माणूस विसरते, सूनबाई. मी विसरलो ना परवा. गेरू राह्यते."

तिनं लेकरू उचललं, पण ठिपका पुसला नाही. आठ दिवसांनी गावातल्या सगळ्या आया वावरातून आल्या की आधी लेकराच्या कपाळाकडे बघायच्या. ठिपका दिसला की मग पाणी प्यायच्या.

जानेवारीत केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले. वरांड्यात सात झोळ्या, पाच म्हातारे, कपाळाला गेरू लावलेली सात बाळं. साहेब चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, ही कोणती योजना?" मी काही बोलायच्या आत चाचा बोलले, "साहेब, योजना नाही. कापूस हाय ना जी." साहेबांनी हजेरी पाहिली, चौथीतल्या सगळ्या मुली हजर पाहिल्या आणि त्या योजनेबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. जाताना एका झोळीला झोका देऊन गेले.

घुंगरमाळांबद्दल सांगायचं राहिलं. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतात त्या. कासऱ्याच्या आजोबांना नीट दिसत नसल्यामुळे लेकरू जागं झालं की कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक झोळीला एकेक घुंगरमाळ लटकवली होती. कुठली खणखणीत, कुठली बद्द, कुठल्या माळेतली चार घुंगरं गळालेली. वर्गात शिकवताना सारखा तो आवाज असायचा. पंधरा दिवसांत मलासुद्धा कळायला लागलं की आता कोणाचं लेकरू हललं.

त्या मुलीला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती दाराजवळ बसायची, चटकन उठता यावं म्हणून. पुस्तक समोर, बोट अक्षरावर, आणि कान बाहेर. तिच्या भावाची माळ वाजली की बोट तसंच राहायचं आणि ती दारात पोचलेली असायची. मी ओरडायचे, बस म्हणून. ती बसायची, पण ओळ हरवलेली असायची. दहा वर्षांच्या पोरीच्या अंगात हे इतकं मुरलेलं होतं की ते तिच्या हातात नव्हतं. वाचायला डोळे लागतात असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या दिवसांत कळलं की कानांनासुद्धा सुट्टी मिळावी लागते.

ती सुट्टी तिला आजोबांनी दिली. माळ वाजली की ते वरांड्यातून आतल्या दिशेनं, कोणाचं नाव न घेता एवढंच म्हणायचे, "मी हाओ." म्हणजे मी आहे इथं. रोज, प्रत्येक वेळी. भजन चालू असलं तरी मध्येच थांबून. "मी हाओ." आधी ती दारापर्यंत जाऊन परत यायची. मग नुसती उभी राहायची. संक्रांतीच्या सुमाराला एकदा माळ वाजली, ती जागेवरून अर्धवट उठली, बाहेरून आवाज आला, "मी हाओ", आणि ती खाली बसली. बोट त्याच अक्षरावर होतं. 'प्रकाश' हा शब्द होता. तिनं तो एका दमात वाचला आणि पुढे गेली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मुलांसमोर रडायची मला सवय नाही.

उलंगवाडी झाली. होळीच्या आदल्या दिवशी ती आई शाळेत आली, ठरल्याप्रमाणे. मी चौथीचं पुस्तक पुढे केलं. तिनं मान हलवली. "पुस्तक पोट्टे पाठ करतेत, मॅडम. हे वाचू द्या." ओटीतून तिनं फवारणीच्या औषधाचा रिकामा खोका काढला. नवऱ्याच्या वावरातल्या झोपडीतून आणलेला. मुलीनं तो आयुष्यात कधी वाचला नव्हता, मीही नव्हता. बारीक अक्षर, सगळीकडे जोडाक्षरं. वरांड्यातले पाचही म्हातारे खिडकीशी आले.

तिनं बोट टेकवलं. "फवारणी करताना नाक व तोंड... स्वच्छ कापडाने झाकावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने... फवारू नये." विरुद्धला जरा अडखळली, पण निघाली. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग खोका परत घेतला, बोटानं त्यावरची अक्षरं चाचपली आणि म्हणाली, "हिचा बाप तं कधीच नाही बांधत कापड." आणि माझ्याकडे वळली. "धाडतो थिले पाचवीले."

खिडकीशी चाचांनी टाळी वाजवली. कासऱ्याच्या आजोबांनी वाजवली नाही. ते त्या खोक्याकडे बघत होते, म्हणजे आवाज जिथून आला त्या दिशेला. "जे पाठ नाही थे बी वाचते ही," ते स्वतःशीच म्हणाले.

झोळ्या सुटल्या, दोर घरी गेले. मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल लागला. त्या दिवशी ती मुलगी दाखला न्यायला आली, भावाचं बोट धरून. तो आता धरून धरून चालत होता. आई सकाळीच अंगठा देऊन रोजगार हमीच्या कामावर गेली होती. दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर उघडं होतं, तिची नोंद करायची होती. तेवढ्यात दारात काठी वाजली. कासऱ्याचे आजोबा होते.

त्यांना मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, या वहीत माह्या पोरीचं नाव असन."

मी हो म्हटलं.

"थिनं शाळा काहून सोडली थे लिवलं असते का?"

मी पुन्हा हो म्हटलं. ते पान मला माहीत होतं. वाचून दाखवायची माझी तयारी नव्हती, आणि ते त्यांना कळलं असावं. कारण ते म्हणाले, "तुम्ही नका वाचू. ही वाचन."

मी पान काढलं आणि मुलीसमोर सरकवलं. तिनं पिवळ्या कागदावर बोट ठेवलं. जुन्या गुरुजींचं वळणदार अक्षर, शाई फिकी झालेली. तिनं आधी नाव वाचलं, मग जन्मतारीख, मग इयत्ता दुसरी. शेवटच्या रकान्याशी ती थांबली. तिला अडलं नव्हतं, मी तिच्याकडे बघत होते. तिचं ते मनात वाचून झालं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लहान भाऊ सांभाळण्यासाठी."

टिनाचं छत उन्हानं तडतडत होतं. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"बरोबर लिवलं हाय," ते म्हणाले. "मीच सांगतलं होतं मास्तरले. इथंच उभा होतो." आणि मग, "चांगली हुशार होती थे."

  त्यांनी नाक शिंकरून सांगितलं, "आता हिचं लिवा. अन् थे बी हिलेच वाचू द्या."

मी खुर्ची ओढली आणि लिहिलं. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरात शेकडो नोंदी केल्या असतील, पण अक्षर इतकं जपून कधी काढलं नव्हतं. शाई वाळेपर्यंत थांबले आणि रजिस्टर तिच्याकडे वळवलं. ती टेबलावर ओणवी झाली. बोट नावावर ठेवलं आणि वाचायला लागली.

तेवढ्यात मागं भाऊ उंबऱ्याला अडखळून पडला आणि त्यानं भोकाड पसरलं. तिचं बोट शेवटच्या रकान्याकडे चाललं होतं. ती उठली नाही. आजोबा काठी टेकत त्याच्याकडे गेले.